‘पाहिलंय’ म्हणण्याची घाई : झोप आणि भावनिक स्मृतीवरच्या एका पीएच.डी.चं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका संशोधनसंस्थेतलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत, आकडे गोल केले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने आणि कशापायी झाले, त्याला मात्र हात लावलेला नाही. जिची ही पीएच.डी., तिने मजकूर वाचून होकार दिलाय. मी तेव्हा त्याच प्रयोगशाळेत होते आणि तिच्या झोपेच्या नोंदींची दुसरी स्कोअरर, म्हणजे नोंद वाचून कोणती झोप कधी झाली ते ठरवणारी, होते. त्यामुळे मी काही तिऱ्हाईत नाही. एका ठिकाणी चूक माझीही आहे. ती यायची तेव्हा येईल.

तिचा प्रश्न ऐकायला साधा होता. मनाला लागणाऱ्या गोष्टी झोपेनंतर साध्या गोष्टींपेक्षा जास्त लक्षात राहतात का? आणि राहिल्या, तरी त्यांचं लागणं कमी होतं का? ‘आता झोप, सकाळी बोलू’ असं आपण रडणाऱ्या माणसाला म्हणतो, तेव्हा यातलं दुसरं आपण धरूनच चाललेलो असतो.

झोपेने विसरणं कमी होतं, ही गोष्ट १९२४ इतकी जुनी. कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोनच विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावली. जागं राहिल्यावर जितकी गळाली, त्याहून झोपल्यावर कमी गळाली. १९५३मध्ये शिकागोत अॅझरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी आरईएम झोपेचं वर्णन केलं, ज्या झोपेत बंद पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात. प्रौढ माणसाच्या रात्रीचा साधारण २० ते २५ टक्के भाग ही झोप घेते, आणि तिचा मोठा वाटा पहाटेकडे असतो. आपण जिला साखरझोप म्हणतो, तिच्यात ती भरपूर असते. २००१मध्ये जर्मनीत वॅग्नर, गाइस आणि बोर्न यांना दिसलं, की रात्रीच्या या उत्तरार्धातल्या झोपेनंतर भावनिक मजकूर जास्त आठवतो. २००९मध्ये वॉकर आणि व्हॅन डर हेल्म यांनी पुढचं पाऊल टाकलं: आरईएम झोपेत आठवण टिकते आणि तिच्याभोवतीची भावना उतरते. झोप म्हणजे रात्रभर चाललेला उपचारच, असा त्याचा सूर. कल्पना इतकी देखणी की ती खोटी असावी असं कुणालाच वाटत नाही. २०१२मध्ये बारन, स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र उलटंच दिसलं: झोपेनंतर वाईट चित्रांचं वाईटपण कमी न होता तसंच जपलं गेलं होतं.

आमची विद्यार्थिनी पहिल्या वर्षी हे सगळं वाचत होती तेव्हा मैदान असं दोन्हीकडून खुलं होतं. पुढे २०१९ आणि २०२०मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडणारे निबंध आले. झोपेचा फायदा भावनिक आठवणींकडे सरसकट झुकलेला नाही, प्रयोग कसा मांडलाय यावर बरंच ठरतं, असं त्यांतून पुढे आलं. पण तोवर हिचे निम्मे लोक झोपून उठून गेले होते.

प्रयोगाची मांडणी

एका गटाने रात्री ९ला चित्रं बघायची, आमच्याकडेच झोपायचं आणि सकाळी ९ला परीक्षा द्यायची. दुसऱ्या गटाने सकाळी ९ला बघायची, दिवसभर जागं राहून रात्री ९ला परीक्षा. चित्रं १२०: साठ वाईट, म्हणजे अपघातासारखी मनाला लागणारी, आणि साठ साधी. परीक्षेत ही १२० आणि तितकीच नवी, सगळी मिसळून. प्रत्येक चित्रासमोर दोनच कळा: ‘पाहिलंय’ आणि ‘नाही पाहिलं’. शिवाय चित्र किती वाईट वाटलं, किती हलवून गेलं, हे १ ते ९च्या मोजपट्टीवर. गटात वीस-वीस जण. वीसच का? आधीच्या निबंधांत साधारण तेवढे होते, आणि आमच्याकडे पलंग दोन होते.

कागदावर हे चार ओळींत मावतं. प्रत्यक्षात रात्री आठला मुलगी येते, वेणी सोडते आणि आम्ही डोक्याला हात लावतो तर बोटं तेलकट. सूचनापत्रात ‘डोकं धुवून यावे’ असं होतं. तिने सकाळी धुतलंही होतं, मग आईने नेहमीसारखी चंपी करून दिली. डोक्याच्या कातडीवर इलेक्ट्रोडचा अडथळा ५ किलो-ओमच्या खाली हवा. यंत्र ४० दाखवतं. मग स्पिरिटचे बोळे, घासायची जेल, पेस्ट, पुन्हा मोजणी. कपाळावरचा लागला तर कानामागचा सुटतो. नऊला दाखवायची चित्रं त्या दिवशी पावणेअकराला सुरू झाली. त्यानंतर सूचनापत्रात एक ओळ मराठीत, ठळक अक्षरांत आली: ‘धुतल्यानंतर तेल लावू नये, घरच्यांनीही लावू नये.’ पावसाळ्यात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की दहापर्यंत खिडक्या थरथरत. गणपतीच्या आधीचे दीड महिने आम्ही नोंदी घेणंच बंद केलं.

चित्रांचीही एक गंमत होती. ती फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी जमवलेल्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या संचातली. प्रत्येक चित्र किती आनंददायक, किती उत्तेजक याचे गुण ठरलेले, पण ते अमेरिकन विद्यार्थ्यांनी दिलेले. त्यात साधं चित्र म्हणून एक लाटणं आहे. आमच्याकडे ते चित्र आलं की हमखास कुणीतरी हसायचं. दुसरं साधं चित्र अमेरिकी फुटपाथवर असतो तसा आग विझवायच्या पाण्याचा लोखंडी नळ, हायड्रंट. तिकडे तो कुणाच्या खिजगणतीत नसेल. इथे ‘हे काय आहे?’ असं दहातल्या चार जणांनी विचारलं. अनोळखी, चमत्कारिक वस्तू लक्षात राहतेच. म्हणजे ‘साध्या’ चित्रांतली काही इथे साधी राहिलीच नव्हती. विद्यार्थिनीने हे वहीत टिपलं. गुण नव्याने इथल्या लोकांकडून घेऊ या, असंही ती म्हणाली. त्यात तीन महिने गेले असते. सर, म्हणजे तिचे मार्गदर्शक, म्हणाले, ‘जगाने जो संच वापरलाय तोच आपण वापरू, नाहीतर तुलना कशाशी करणार?’ हा पहिला निर्णयाचा टप्पा. सरांचं म्हणणं त्या घडीला मलाही पटलं होतं.

मध्येच घडलेली एक गोष्ट

आठव्या की नवव्या मुलीने सकाळची परीक्षा अर्ध्यात थांबवली. रात्री ती काही बोलली नव्हती. सकाळी म्हणाली, की पहाटे अपघाताचं स्वप्न पडलं. तिच्या भावाला वर्षभरापूर्वी गाडीने उडवलं होतं. संमतिपत्रात ‘काही चित्रे त्रासदायक वाटू शकतात’ एवढंच वाक्य होतं. ‘त्रासदायक’ वाचून तिला साप, झुरळं असं काहीतरी वाटलं होतं.

तिचा माहितीसाठा वगळला, विभागातल्या समुपदेशकाशी तिची गाठ घालून दिली आणि आचारसमितीला लेखी कळवलं. समितीच्या बैठकीपर्यंत पाच आठवडे काम थांबलं. नंतर तीन बदल झाले. जवळच्या माणसाचा अपघात किंवा मृत्यू अलीकडे झालाय का, हे आधी विचारायचं. चित्रांचे प्रकार नावानिशी सांगायचे आणि त्यातलं एक सौम्य चित्र आधी दाखवायचं. तिसऱ्या दिवशी फोन करायचा. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं, यात शंका नाही. कुणीही प्रयोग मध्येच सोडू शकतो, हा नियम भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पण पहाटे डोक्याला तारा लावलेल्या माणसाला तो सुचेल कसा, याचा विचार संशोधकानेच करायचा असतो.

अडचण

अठ्ठावीस जण झाले तेव्हा एका परिषदेची सारांश पाठवायची मुदत आली. विद्यार्थिनीने जमलेल्या आकड्यांवर नजर टाकली. कल हवा तसा होता. चाळीस झाल्यावर तो फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय ठरला, पी ०.०३ (म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३ टक्के). झोपलेल्या गटाने जुन्या साठ वाईट चित्रांपैकी सरासरी ४८ ओळखली, जागलेल्यांनी ४३. साध्या चित्रांत फरक जवळजवळ नाही. पोस्टर तयार झालं. मी ते वाचलं, दोन शब्द सुधारले, स्तंभांचे रंग बदलायला सांगितले आणि ‘छान निघालंय गं’ म्हणाले. माझी चूक ती हीच. ‘नवी चित्रं किती जणांनी पाहिलीत म्हणून सांगितली?’ हा प्रश्न झोप-स्मृतीच्या प्रयोगशाळेत सात वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडून आपोआप निघायला हवा होता.

तो निघाला चार महिन्यांनी, आणि एका कागदामुळे. परीक्षा झाल्यावर प्रत्येकाला एक कोरा रकाना भरायला द्यायचो: काही सांगायचंय का? बहुतेक जण ‘छान अनुभव’ किंवा ‘पेस्ट निघत नाही’ असं लिहीत. निबंधाची पुरवणी करताना विद्यार्थिनी ते कागद चाळत होती. झोपलेल्या गटातल्या एकीने लिहिलं होतं: ‘सकाळी सगळीच अपघाताची चित्रं पाहिल्यासारखी वाटत होती.’

तिने त्याच रात्री तक्ता काढला. न दाखवलेल्या साठ वाईट चित्रांपैकी झोपलेल्या गटाने सरासरी १३ ‘पाहिलंय’ म्हणून सांगितली होती, जागलेल्यांनी ८. आता वजाबाकी करा. ४८ वजा १३ म्हणजे ३५. ४३ वजा ८ म्हणजेही ३५.

स्मृती मोजताना ‘हिट’ (जुन्या चित्राला ‘पाहिलंय’ म्हणणं) आणि ‘फॉल्स अलार्म’ (नव्या चित्रालाही ‘पाहिलंय’ म्हणणं) दोन्ही धरावे लागतात ते यासाठी. जो माणूस प्रत्येक चित्राला ‘पाहिलंय’ म्हणेल त्याचे हिट शंभर टक्के येतील, आणि त्याला काहीच आठवत नसेल. म्हणून दोन आकडे काढतात. एक डी-प्राइम: जुनं आणि नवं वेगळं करण्याची खरी क्षमता. दुसरा निकष: माणूस ‘पाहिलंय’ म्हणायला किती उतावीळ आहे. आमचा डी-प्राइम झोपलेल्या गटात १.६२ आणि जागलेल्यांत १.६८, म्हणजे सारखाच. सरकला होता तो निकष. झोपून उठलेल्यांना वाईट चित्रं जास्त आठवत नव्हती. वाईट चित्र दिसलं की ‘पाहिलंय’ म्हणायची त्यांना घाई होती.

ती घाई तरी झोपेमुळे आली का, हेही सांगता येत नव्हतं. झोपलेल्या गटाची परीक्षा सकाळी ९ची, जागलेल्यांची रात्री ९ची. ताजंतवानं डोकं आणि दमलेलं डोकं वेगळा निकष लावत असेल, तर झोपेचं नाव घड्याळाच्या कामाला लागलं. हे वेगळं करायला दोन जास्तीचे गट लागतात: सकाळी शिकून अर्ध्या तासात परीक्षा देणारे आणि रात्री तसंच करणारे. आराखड्यात ते गट होते. ‘पुढच्या टप्प्यात’ या शेऱ्यानिशी खोडलेले.

पर्याय

सकाळी ती सरांकडे गेली, मीही होते. सरांनी तक्ता दोनदा वाचला.

‘पोस्टर गेलंय आपलं,’ ते म्हणाले.

‘हो सर.’

‘हिटच धरून लिहिलं तर?’

‘लिहिता येईल. पण रिव्ह्यूअरने फॉल्स अलार्म मागितले तर?’

‘आणि नाही मागितले तर?’

ती काही बोलली नाही. सर स्वतःच हसले. ‘नको. बस. काय काय करता येईल ते बघू.’

सरांना खलनायक करू नका. ती यूजीसीच्या २०१६च्या नियमांखाली नोंदलेली होती. त्यांनुसार प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची होती. २०२२च्या नियमांनी ती अट काढली, पण आधी नोंदलेल्यांना जुनेच नियम लागू. फेलोशिप पाच वर्षांची, त्यातलं चौथं चालू होतं. विभागाच्या निधीचा हिशोब सरांच्या सहीने जाणार होता. ‘हिट धरून लिहू’ हा मोह ज्याला झाला नाही असा मार्गदर्शक मला भेटायचाय.

दुसरी वाट तिला स्वतःला खुणावत होती. झोपलेल्या वीस जणांच्या पूर्ण रात्रीच्या ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींच्या, नोंदी होत्या, मी आणि तिने तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत वाचलेल्या. आमचं दोघींचं एकमत चांगलं होतं. जे वाद झाले ते नेहमीप्रमाणे झोप लागतानाच्या पहिल्या पायरीवर. त्यांतून आरईएमची टक्केवारी, आरईएममधल्या थीटा लहरी, स्पिंडल (दोन्ही झोपेतल्या मेंदूलहरींचे प्रकार) असं बरंच काढून स्मृतीच्या गुणांशी जोडता आलं असतं. तिने बारा जोड्या करून पाहिल्या. एक जुळली: आरईएमची मिनिटं आणि वाईट चित्रांचे हिट. ती धावत माझ्याकडे आली. बारा स्वतंत्र चाचण्या केल्या, आणि कुठेच काही नसलं, तरी निदान एकीचा तरी पी ०.०५च्या, म्हणजे लक्षणीय मानण्याच्या नेहमीच्या मर्यादेच्या, आत येण्याची शक्यता ४६ टक्के असते. हे मी तिला कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. पोस्टरच्या वेळी न केलेलं काम उशिरा केलं, इतकंच. शिवाय ती जुळणी हिटशी होती, डी-प्राइमशी नव्हे. म्हणजे जो आकडा मोडला होता, त्याच्यावरच मजला चढवायचा.

तिसरा पर्याय तोच प्रयोग नीट, मोठ्या संख्येने करण्याचा. हिशोब मांडला. परिणाम मध्यम असेल, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा, तर तो पकडण्याची ८० टक्के संधी मिळायला दर गटात ६४ जण लागतात. वीस-वीसमध्ये ही संधी होती ३४ टक्के. आम्ही पहिल्यापासूनच तीनातला एक डाव खेळत होतो. आता ६४ जणांना आमच्याकडे झोपवायचं तर प्रत्येकी दोन रात्री, कारण नव्या जागी पहिल्या रात्री झोप बिघडते. पलंग दोन, आठवड्याला तीन रात्री, म्हणजे आठवड्याला तीन माणसं. नुसत्या झोपलेल्या गटालाच अखंड बावीस आठवडे. परीक्षा, सुट्ट्या, ढोल आणि तेल धरून वर्ष.

दुपारच्या झोपेवर प्रयोग करा, असं सल्लागार समितीतल्या एका मॅडमनी सुचवलं. दीड तासाची झोप, तोच माणूस एकदा झोपून आणि एकदा जागून, म्हणजे ३४ जणांत भागलं असतं. सोय उत्तम. पण दुपारी जेवणानंतरच्या दीड तासात आरईएम जेमतेम येते, कधी येतही नाही. साखरझोपेबद्दलचा प्रश्न वामकुक्षीला विचारण्यात अर्थ नव्हता. विद्यार्थिनीने हे समितीसमोर स्पष्ट सांगितलं. तिने तिथे ठाम राहायला सुरुवात केली, असं मला आठवतं.

काय केलं

शेवटी आरईएमवरचा हक्क सोडायचा ठरलं. लोक आपापल्या घरी, वसतिगृहात झोपतील. मनगटावर हालचाल नोंदवणारं घड्याळ आणि झोपेची डायरी. डोक्यावर तारा नाहीत, त्यामुळे कोणती झोप किती झाली ते कळणार नाही. पण माणसं भरपूर मिळतील, आणि सकाळ-संध्याकाळचे अर्ध्या तासाचे दोन गटही बसतील. प्रबंधाच्या नावातून ‘आरईएम’ काढावं लागलं. नाव बदलायचा अर्ज, समितीची शिफारस, विद्यापीठाची मंजुरी, यात पाच महिने गेले. निव्वळ एक शब्द काढायला.

सुरू करण्याआधी तिने सगळं लिहून तारखेनिशी एका सार्वजनिक नोंदणीस्थळावर ठेवलं: मुख्य मोजमाप डी-प्राइम; प्रत्येकाचा ‘वाईट वजा साधा’ फरक काढून दोन गटांत तुलना; कोणाला वगळायचं त्याचे नियम; आणि शेवटचा माणूस होईपर्यंत निकाल उघडायचा नाही. फाइलीत गटांची नावं झाकून ‘क’ आणि ‘ख’ अशी ठेवली. किल्ली माझ्याकडे होती. तिने ती दोनदा मागितली, एकदा थट्टेत आणि एकदा थट्टेत नाही.

चित्रंही या वेळी इथल्या साठ जणांकडून आधी गुण देऊन घेतली. जे तीन महिने वाचवले होते ते असे व्याजासकट परत गेले.

पहिल्या चाळीस जणांचं काय करायचं, यावर वाद झाला. मी म्हणत होते, नव्या आकड्यांत मिसळू नये, पण टाकूही नये. तिला ते प्रबंधात नकोच होतं. लाज वाटत होती. अखेर तो एक वेगळा भाग झाला, ‘प्राथमिक अभ्यास’ या नावाने, ४८-४३ आणि १३-८ हे दोन्ही तक्ते शेजारीशेजारी. पुढच्या परिषदेत तिने हेच मांडलं: आमच्या मागच्या पोस्टरमध्ये काय चुकलं. नियमातलं दुसरं सादरीकरण तेच धरलं गेलं.

निष्पत्ती

वगळणी झाल्यावर मुख्य गटांत ६१ आणि ६३ जण उरले. वगळलेल्यांत पाच जण जागं राहायच्या गटातले, ज्यांच्या मनगटावरचं घड्याळ दुपारी दोन ते साडेतीन निपचित पडलेलं होतं. डायरीत ‘झोपलो नाही’ असं लिहिलेलं. पहिल्या प्रयोगात घड्याळं नव्हती. तेव्हा किती जण लवंडले होते, देव जाणे.

झोपलेल्यांचा डी-प्राइम दोन्ही प्रकारच्या चित्रांत थोडा वर होता. वाईट चित्रांना जादा फायदा दिसला नाही. ‘दिसला नाही’ म्हणजे ‘नाहीच’ असं होत नाही, म्हणून समतुल्यतेची चाचणीही आधीच ठरवली होती. त्यातून इतकं म्हणता आलं, की ०.५ प्रमाण विचलन किंवा त्याहून मोठा परिणाम इथे नाही. ०.३एवढा असू शकतो. तो पकडायला दर गटात १७६ माणसं लागली असती. चित्रांचं लागणं दुसऱ्यांदा पाहताना दोन्ही गटांत सारखंच उतरलं. झोपेने ते ना जास्त उतरवलं, ना जपून ठेवलं.

आणि ती घाई? अर्ध्या तासाच्या गटांतही सकाळचे लोक वाईट चित्रांना जरा सैल हाताने ‘पाहिलंय’ म्हणत होते, पण फरक इतका लहान की त्यावर बोट ठेवता येईना. घड्याळ की झोप, हे सुटलं नाही.

शोधनिबंध दोन ठिकाणांहून परत आला. एका परीक्षकाने ‘नवीन काही नाही’ असं लिहिलं, दुसऱ्याने ईईजी का नाही असं विचारलं. तिसऱ्या ठिकाणी छापला गेला. शेवटचे अकरा महिने तिने फेलोशिपशिवाय काढले, त्यातले काही शिकवण्यांवर. हा खर्च कुठल्याच प्रबंधात येत नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, ‘म्हणजे पहाटेच्या झोपेत भावनांचं काही होत नाही, असं तुमचं म्हणणं?’ ती म्हणाली, ‘सर, ते विचारायची माझ्या प्रयोगात सोयच नव्हती. घरी झोपलेल्यांच्या डोक्यावर तारा नव्हत्या.’ ते हसले आणि पुढच्या पानावर गेले.

पुन्हा करायचं झालं तर

अठ्ठाविसाव्या माणसावर आकडे बघितले, ही चूक आहेच. पण मूळ चूक त्याच्या आधीची. मोजमाप कोणतं, हे आकडे येण्याआधी ठरलेलं नव्हतं. ठरलेलं असतं तर बघूनही इतकं बिघडलं नसतं. पहिल्या दहा जणांनंतर गट झाकून नुसते हिट आणि फॉल्स अलार्म छापले असते, तरी ‘पाहिलंय’ला लोक किती सैल आहेत ते कळलं असतं. अर्ध्या तासाचं काम.

सकाळ-संध्याकाळचे गट खोडले तेव्हा आम्ही तिघंही खोलीत होतो. ‘पुढच्या टप्प्यात’ हे शब्द कुणाच्या हस्ताक्षरात आहेत ते मी पाहिलंय, सांगणार नाही.

घरी झोपवण्याच्या निर्णयाबद्दल माझं आणि तिचं अजून एकमत नाही. मला वाटतं, आणखी दोन संस्थांशी बोलून पलंग मिळवता आले असते आणि आरईएमचा प्रश्न जिवंत राहिला असता. ती म्हणते, चौथ्या वर्षाच्या विद्यार्थिनीच्या फोनवर कुणी पलंग देत नाही. तो फोन सरांनी करायला हवा होता, आणि सर करणार नव्हते. तिचं बरोबर असावं.

आता तिच्या जागी नवा विद्यार्थी आलाय. त्याने दोन कळांऐवजी सहा ठेवल्यात, ‘नक्की नाही पाहिलं’पासून ‘नक्की पाहिलंय’पर्यंत, म्हणजे घाई आणि आठवण नीट वेगळी काढता येईल. शेऱ्यांचा रकाना त्याच दिवशी संगणकात टाइप होतो. पलंग अजून दोनच आहेत. हायड्रंट संचातून काढलाय, लाटणं ठेवलंय.